श्वासाच्या यंत्राचा पूर्ण उतारा कसा घ्यावा?

(ऊस विकास विभागाकडून)



एरवी या पानावर आम्ही लागण, खोडवा, बेणेप्रक्रिया आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहीत असतो. या अंकात विषय वेगळा आहे. झोपेत श्वास अडकण्याचा जो विकार आहे, ज्याला डॉक्टर मंडळी स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि त्यावर रात्री तोंडावर मास्क चढवून वापरावयाचे जे सीपॅप यंत्र आहे, त्याविषयी आज लिहावयाचे आहे. दाब, गळती, गाळणी आणि नळी हे शब्द यातही पदोपदी येणार आहेत, तेव्हा आपणांस विषय फार परका वाटू नये.

हा विषय घेण्याचे कारण असे. गेल्या दोन हंगामांत पवन मावळात ऊसनोंदीच्या निमित्ताने फिरताना काही घरांत हे यंत्र आमच्या पाहण्यात आले. बऱ्याच ठिकाणी ते कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेले होते. विचारले तर उत्तर ठरलेले. "साहेब, तोंडाला मुसकं बांधल्यागत वाटतं." "नाक कोरडं पडतं." "आवाजानं मंडळींची झोपमोड होते." चाळीस-पन्नास हजार रुपये किंवा त्याहूनही अधिक मोजून आणलेली वस्तू, आणि महिन्याभरात अडगळीत! एका सभासदाने तर ते विकावयास काढले होते. हे गृहस्थ हंगामात स्वतः रात्री दोन ट्रेलर जोडून ट्रॅक्टर चालवतात. त्यांची डुलकी ही त्यांच्या एकट्यापुरती बाब राहत नाही. आमच्या स्वतःच्या उशाशी हे यंत्र गेली काही वर्षे रोज चालू असते, त्यामुळे यातले बारकावे अनुभवाने थोडेफार ठाऊक झाले आहेत. बाकीचे डॉक्टरांकडून आणि वाचून समजून घेतले आहे.

घसा मिटतो म्हणजे काय होते

पंपाच्या सक्शनला कोणी नरम पाइप लावत नाही. का? तर ओढ बसली की नरम पाइप चिपटतो आणि पाणी बंद पडते. आपल्या घशाचा वरचा भाग असाच नरम पाइप आहे. त्याला हाडाचा आधार नाही. जागेपणी स्नायू त्याला ताणून उघडा धरतात. झोप लागली की स्नायू सैल पडतात, जीभ मागे येते, आणि श्वास आत ओढताना ही नळी चिपटते. अर्धवट चिपटली तर घोरणे; पूर्ण मिटली तर श्वास बंद. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो, मोठ्याने हुंदका दिल्यासारखा श्वास येतो आणि पुन्हा झोप. सकाळी यातले काहीएक आठवत नाही.

तासाला असे प्रकार किती वेळा होतात यावर विकाराची तीव्रता मोजतात. पाचाच्या आत असेल तर ठीक. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तिसाच्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा. अशी रात्र काढलेला माणूस आठ तास अंथरुणात राहूनही सकाळी शिणलेला उठतो, डोके जड असते, रात्री लघवीला तीन-तीनदा उठावे लागते, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, आणि बसल्या जागी डोळा लागतो. (वार्षिक सभेत अहवालवाचनाच्या वेळी डुलकी लागणे हे मात्र आम्ही लक्षणांत धरत नाही.)

हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असा आपल्याकडे समज आहे. शहरातले आकडे तर आहेतच. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या, नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. त्यांत झोपेतील श्वासाचा बिघाड १९.५ टक्के जणांत आढळला, आणि त्याबरोबर दिवसाची झापडही असलेले ७.५ टक्के निघाले. संगीतकार बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत वारले तेव्हा डॉक्टरांनी याच विकाराचे नाव सांगितले आणि तो घरोघरी माहीत झाला. पण घसा मिटण्याला शहर-खेडे कळत नाही. गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर असणे, पन्नाशी उलटणे, पोट सुटणे, रक्तदाब असणे, आणि झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांनी पाहिलेले असणे, या खुणा मावळातही तितक्याच दिसतात. जबड्याची ठेवण बारीक असेल तर सडपातळ माणसालाही हा विकार होतो. भगिनींच्या बाबतीत तर तो सहसा सांगितलाच जात नाही. बाईमाणूस घोरते हे कोण कबूल करणार? पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही त्याचे प्रमाण वाढते, हे लक्षात ठेवावे.

यंत्र काय करते

पाणी सोडले की चपटा पडलेला लपेटा पाइप कसा गोल उभा राहतो, तेच तत्त्व. सीपॅप यंत्र खोलीतलीच साधी हवा घेते, गाळते आणि थोड्या दाबाने नाकातून आत पाठवत राहते. तो दाब घशाची नळी आतून उघडी धरतो. यंत्रात ऑक्सिजन नाही, औषध नाही, आणि ते आपल्यासाठी श्वासही घेत नाही. श्वास आपणच घ्यावयाचा. यंत्र फक्त वाट मोकळी ठेवते.

या दाबाची पुष्कळांना धास्ती वाटते. "छाती फुटेल का?" असे आम्हांला एकाने विचारले. दाब मोजतात पाण्याच्या स्तंभाच्या सेंटिमीटरमध्ये, साधारण ४ ते २० पर्यंत. आपल्या ठिबकला एक किलो दाब लागतो, म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. यंत्रावर १० आकडा असेल तर तो दहा सेंटिमीटर स्तंभाचा. म्हणजे ठिबकच्या शंभरावा हिस्सा. छाती फुटण्याची भीती मनातून काढून टाकावी.

हे यंत्र निघाले ऑस्ट्रेलियात. सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० साली ते पहिल्यांदा माणसावर वापरले आणि १९८१ च्या एप्रिलमध्ये पाच रुग्णांचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीव्र विकाराला एकच खात्रीचा इलाज होता, तो म्हणजे गळ्याला भोक पाडून नळी बसवणे. तेव्हाचा मास्क रोज रात्री नाकावर चिकटवावा लागे आणि पंखा धडधडत असे. आजचे यंत्र उशाशी ठेवले तरी जेमतेम ऐकू येते. मोठा आवाज येत असेल तर तो बहुधा यंत्राचा नसतो, गळतीचा असतो.

तास मोजा, आणि पहाट सोडू नका

आता मुख्य मुद्दा. ऊस कितीही चांगला असला तरी तोडणीनंतर चार दिवस फडात पडला तर उतारा जातो. यंत्राचेही तसेच आहे. ते कोणत्या कंपनीचे आहे, किती महाग आहे यापेक्षा रात्री किती तास तोंडावर राहते यावर सगळा फायदा अवलंबून आहे.

सात देशांतील २,७१७ हृदयविकाराच्या किंवा मेंदूच्या झटक्याच्या रुग्णांना घेऊन एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. यंत्र दिलेल्या गटात पुढचे झटके काही कमी झालेले दिसले नाहीत. हे वाचून पुष्कळांनी म्हटले, मग कशाला ही कटकट? पण त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: रुग्णांनी यंत्र सरासरी रात्री ३.३ तासच वापरले होते. आठ तासांची झोप आणि सव्वातीन तासांचा इलाज! आठ बिघ्यांना तीन बिघ्यांपुरते खत टाकून एकरी उत्पन्न का वाढले नाही असे विचारण्यापैकी हे आहे. इतक्या तोकड्या वापरातही दिवसाची झापड आणि मनाची मरगळ कमी झाली, हेही त्याच चाचणीत नोंदले आहे. परदेशांतील विमावाले रात्री चार तास आणि शंभरातल्या सत्तर रात्री इतका वापर असला की 'वापर ठीक' असा शिक्का मारतात. आमच्या मते हे पस्तीस मार्कांचे पासिंग आहे. झोपेचे सर्व तास, हेच माप धरावे.

यातही एक बारकावा आहे, आणि तो आपल्या शेतकऱ्यांना विशेष लागू पडतो. स्वप्नांची जी झोप असते तीत अंगाचे स्नायू सर्वांत जास्त सैल पडतात, त्यामुळे श्वास तेव्हाच जास्त वेळा आणि जास्त वेळ अडकतो. ही झोप रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेकडे जास्त येते. ज्यांच्या फीडरवर अजून रात्रीच्या लाइटची पाळी आहे, ते बाराला-दोनला उठतात, मास्क काढतात, दारे धरावयास जातात, परत येऊन तसेच अंग टाकतात. "दोन वाजेपर्यंत लावलं होतं की साहेब!" असे सांगतात. पण ज्या वेळी इलाजाची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच झोप बिनइलाजाची गेली. तेव्हा शेतावरून आल्यावर हातपाय धुतले की मास्क पुन्हा चढवावयाचा, मग दोनच तास झोपावयाचे असले तरी. दुपारी वामकुक्षी घेत असाल तर तेव्हाही. घसा दुपारी मिटत नाही असे थोडेच आहे!

मध्ये काही दिवस यंत्र बंद ठेवले तर विकार लगेच पूर्वपदावर येतो. "महिनाभर लावलं, आता बरं वाटतंय, म्हणून सोडलं" असे करू नये. चष्मा घातला की दिसते, काढला की दिसत नाही. हे यंत्रही चष्म्याच्या जातीचे आहे.

गळती

यंत्र कपाटावर जाण्याचे पहिले कारण गळती. हवा मास्कच्या कडेने निसटते, डोळ्यांवर येते, डोळे कोरडे पडतात, फर्र फर्र आवाज होतो, आणि आत दाब पोहोचत नाही. मग माणूस काय करतो? पट्टे आवळतो. हा उलटा इलाज झाला. फार आवळले की मास्कची रबरी गादी चेपते, सुरकुती पडते आणि गळती वाढते. शिवाय नाकाच्या दांडीवर जखम होते ती वेगळीच. गादी हवेने किंचित फुगून चेहऱ्यावर बसली पाहिजे. पट्टे लावावयाची रीत अशी: आधी आडवे व्हावे, यंत्र चालू करावे, मास्क पुढे ओढून पुन्हा हलकेच टेकवावा, आणि मग पट्टे दोन्ही बाजूंनी सारखे, एक बोट आत जाईल इतपत ठेवावेत. बसून बसवलेला मास्क झोपल्यावर सरकतो, कारण आडवे झाले की गालांचा आकारच बदलतो.

मास्क तीन प्रकारचे मिळतात. नाकावर बसणारा, नाक-तोंड दोन्ही झाकणारा, आणि नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या उशांचा. मिशांचा प्रश्न आमच्या मावळात नाजूक आहे. भरदार मिशीवर नाकाचा मास्क नीट बसत नाही, आणि मिशी उतरवा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. अशांनी नाकपुडीचा प्रकार वापरून पाहावा. दाढीचे खुंट वाढलेले असतील तर मोठा मास्क गळतो. रात्री डोक्याला आणि तोंडाला खोबरेल चोपडून झोपण्याची सवय असेल तर ती सकाळवर ढकलावी. तेलाने गादी घसरते आणि लवकर खराब होते. मास्क विकत घेताना दुकानात आडवे होऊन, यंत्र जोडून पाहण्याचा आग्रह धरावा. लाजू नये. बूट आपण पायात घालून पाहतोच ना?

सकाळी तोंड लाकडासारखे कोरडे होत असेल तर नाकाने आलेली हवा उघड्या तोंडावाटे निसटते आहे असे समजावे. नाक चोंदलेले असेल तर माणूस तोंड उघडणारच, म्हणून आधी नाकाचा इलाज. झोपण्यापूर्वी मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुण्याने पुष्कळांना आराम पडतो. त्यासाठी पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. एवढ्याने भागले नाही तर कानानाकघशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तपकीर, मिश्री आणि चुलीचा धूर हे नाकाचे वैरी आहेत. नाक मोकळे असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा मिळतो, नाहीतर नाक-तोंड झाकणारा मास्क घ्यावा.

एक गोष्ट मात्र ठळक सांगावयाची आहे. प्रत्येक मास्कला बारीक भोके किंवा चीर मुद्दाम ठेवलेली असते. आपण सोडलेला उच्छ्वास त्यातून बाहेर जातो. ती गळती नव्हे! एका घरी ही भोके चिकटपट्टी लावून बंद केलेली आम्ही पाहिली. हे फार धोक्याचे आहे. ती भोके सदैव उघडी आणि स्वच्छ असावीत.

सवय आणि दाब

पहिले पंधरा दिवस निर्णायक असतात. रात्री एकदम मास्क चढवून झोपावयाचा प्रयत्न करू नये. दिवसा खुर्चीत बसून, पेपर वाचताना किंवा टीव्ही पाहताना, आधी नुसता मास्क, मग यंत्र चालू करून, वीस-तीस मिनिटे लावावा. नवे खोंड जू पाहताच बिथरते. त्याला आधी नुसते जू खांद्यावर ठेवून फिरवतात, तसेच हे. यंत्रात हळूहळू दाब वाढवण्याची सोय असते. झोप लागेपर्यंत दाब कमी राहतो, पुढे ठरलेल्या आकड्यावर जातो. ती सोय चालू करून घ्यावी.

आता बहुतेक यंत्रे स्वयंचलित असतात, म्हणजे गरजेप्रमाणे दाब स्वतःच वरखाली करतात. विक्रेता ते ४ ते २० अशा मोकळ्या पल्ल्यावर ठेवून देतो आणि जातो. इथे घोळ होतो. चारचा दाब पुष्कळांना अपुरा वाटतो, हवा कमी पडल्यासारखी घुसमट होते. आणि दहाची गरज असताना यंत्र चारवरून चढत जाईपर्यंत श्वास अडकून मोकळा झालेला असतो. आठ-पंधरा दिवसांच्या नोंदी पाहून हा पल्ला आपल्या गरजेपुरता आखून द्यावा, असे डॉक्टरांना स्वतः होऊन म्हणावे. आकडा आपल्या मनाने मात्र बदलू नये. जास्त दाबाने पोटात हवा भरते, सकाळी पोट फुगते, आणि काही जणांत मेंदूकडूनच श्वासाचा इशारा थांबण्याचा वेगळा प्रकार दिसू लागतो.

नोंदी कुठे असतात? यंत्राच्या पडद्यावर सकाळी तीन गोष्टी दिसतात: किती तास वापर झाला, गळती किती, आणि तासाला श्वास किती वेळा अडला. हा शेवटचा आकडा पाचाच्या आत यावयास हवा. आमची सूचना अशी की, उशाशी एक वही ठेवून पंधरा दिवस हे तिन्ही आकडे लिहावेत, शेजारी घरच्यांचा शेरा लिहावा ("घोरले", "मास्क काढून फेकला", "शांत झोप"), आणि ही वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. "काही फरक नाही" एवढ्या तक्रारीवर डॉक्टर काय करणार? तास पुरेसे आणि गळती जास्त असेल तर दोष मास्कचा. गळती नाही, तास आहेत, तरी आकडा वर असेल तर दाब तपासावा. तिन्ही ठीक असून झापड जात नसेल तर कारण दुसरीकडे शोधावे: झोपेचे तास, थायरॉइड, चालू गोळ्या. माती तपासल्याशिवाय खताची मात्रा सांगता येत नाही, हे आम्ही आपणांस नेहमी सांगतो, इथेही तेच.

लोणावळ्याची हवा आणि वीज

आम्ही राहतो लोणावळ्यात, ऊस मात्र खाली. या चढउतारामुळे ओल आणि कोरडेपणा या दोन्हींचा अनुभव आहे. यंत्राला पाण्याचे एक छोटे भांडे असते, ते हवा दमट आणि कोमट करून देते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. आषाढ-श्रावणात भिंतींनाही पाझर फुटतो. तेव्हा आणखी ओल कशाला? पावसाळ्यात ओलाव्याचा आकडा अगदी खाली आणावा किंवा बंद ठेवावा, आणि थंडी-उन्हाळ्यात नाक सुकू लागले की वाढवावा. थंडीत दुसरी गंमत होते. कोमट दमट हवा गार नळीतून येताना तिचे पाणी होते, आणि मध्यरात्री नाकावर थेंब पडून माणूस दचकून उठतो. यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवले तर पाणी माघारी भांड्यात जाते. नळीवर लोकरी कापडाची खोळ चढवली किंवा ती रजईखालून घेतली तर पाणी होतच नाही.

भांड्यात डिस्टिल्ड पाणीच घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार ठिबकची तोटी कशी बुजवतात ते आपण पाहताच. भांड्याचे तळही तसेच पांढरे होतात. रोज सकाळी उरलेले पाणी ओतून भांडे पुसून वाळवावे, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते आणि तीच हवा आपण ओढतो. मास्कची गादी रोज, आणि नळी आठवड्यातून एकदा, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. डेटॉल-फिनेल नको, कडक ऊनही नको. यंत्राच्या मागची गाळणी काळवंडली की बदलावी. खोलीत डासांची कॉइल किंवा धूप जाळू नये. यंत्र तोच धूर गोळा करून देते.

वीज हा आमच्याकडे खरा प्रश्न. पावसाळ्यात झाड पडले की रात्र-रात्र अंधार. "लाइट गेली तर मास्कमध्ये गुदमरून मरू" ही भीती आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकली. तसे होत नाही. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळेच असते, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब गेला की आपोआप उघडणारी झडप असते. घुसमट होऊन जाग येते, एवढेच. ती झडप अडकलेली नाही ना, हे धुताना पाहावे.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी हिशेब करावा. पाणी तापवण्याची सोय बंद ठेवली तर यंत्राला साधारण तीस वॅट पुरतात. आठ तासांचे झाले २४० वॅट-तास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी निम्मी जरी वापरली तरी ९०० वॅट-तास देते. म्हणजे एक रात्र सहज, वर पंखाही. तापवण्याची सोय चालू ठेवली तर हाच खर्च दुप्पट-तिप्पट होतो. वारीला जाणाऱ्या सभासदांना यासाठी छोट्या बॅटऱ्याही मिळतात. पाणी न तापवता एक रात्र चालेल अशी पाहून घ्यावी आणि दिवसा मुक्कामी चार्ज करावी.

यंत्राशिवाय काय

वजन. वजन दहा टक्क्यांनी उतरले तर श्वास अडण्याचे प्रमाण साधारण पावपट कमी होते, असे अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात दिसले. नव्वद किलोच्या माणसाने नऊ किलो. कठीण आहे, पण फुकट आहे. उताणे झोपू नये. कुशीवर झोपल्याने पुष्कळांचा आकडा खाली येतो. रात्री दारू घेतली की घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना या विकाराची कल्पना दिल्याशिवाय घेऊ नयेत.

प्राणायामाने भागेल का, हा प्रश्न लोणावळ्यात विचारला जाणारच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम इथेच स्थापन केले आणि योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली, हा आपल्या गावाचा मान आहे. प्राणायामाने मन शांत होते, श्वासाला शिस्त लागते. तो जरूर करावा. पण घसा मिटतो तो आपण झोपेत असताना, आणि झोपेत आपली इच्छा चालत नाही. घशाच्या स्नायूंना व्यायाम देण्याचे प्रयोग झालेले आहेत. जयपूरला शंख फुंकण्याचा एक छोटा प्रयोग तीस रुग्णांवर झाला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फायदा दिसला, पण श्वास अडण्याचा आकडा तासाला चार-पाचानेच उतरला. सौम्य विकार असलेल्याला ते थोडे नव्हे. ज्याचा आकडा चाळीस आहे त्याने शंख फुंकावा, आणि रात्री मास्कही लावावा.

जुने यंत्र घेताना, आणि ऑपरेशनच्या वेळी

काही सभासद वापरलेले यंत्र स्वस्तात घेतात. त्याला हरकत नाही, पण मास्क, नळी आणि गाळणी नवी घ्यावी, आणि यंत्राचा नमुना व क्रमांक तपासावा. जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो यंत्रे जगभरातून परत मागवली, कारण आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण हवेत मिसळण्याचा धोका होता. त्या नमुन्याचे यंत्र दुरुस्त झालेले नसेल तर ते स्वस्तातही नको. दुसऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्याचा दाब लावलेला असतो. तो डॉक्टरांकडून बदलून घेतल्याशिवाय वापरू नये. नवे घ्यावयाचे असेल तर आधी महिनाभर भाड्याने मिळते का ते विचारावे. मास्क सोसतो की नाही ते तेवढ्यात कळते.

कोणतेही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपल्या विकाराविषयी आधी सांगावे. भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांनी घसा आणखी सैल पडतो, आणि ऑपरेशननंतरची पहिली एक-दोन रात्र जोखमीची असते. दवाखान्यात जाताना यंत्र बरोबर न्यावे, आणि मास्क कसा लावावयाचा हे सोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला आधीच शिकवून ठेवावे.